किफिनला थांबू द्यायला हवं होतं का?

मेंफिस,
१३ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहून पाठवतोय. लेक बॅटन रूजला शिकायला गेल्यापासून तू पुरता एलएसयूवाला, म्हणजे तिथल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा भक्त, झाला आहेस. आयुष्यभर क्रिकेटपलीकडे न बघितलेला माणूस आता सांगलीत बसून मला अमेरिकन फुटबॉलमधला न्याय-अन्याय शिकवतो. असो.

ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाचा, मुख्य कोच लेन किफिन हंगाम संपायच्या आत एलएसयूला निघाला. तुझं म्हणणं एवढंच की, ज्यानं पेरलं आणि राखलं त्यालाच सुगी करू द्यायला हवी होती. ऐकायला गोड आहे. पण हा वाटेकरी उद्या शेजारच्या रानात जाणार, आणि जाताना इथलेच गडी नि इथलंच बियाणं नेणार, हे गावाला ठाऊक असताना तू त्याला खळ्यावर राखणीला बसवशील का?

तुला उडत उडत कळलं असेल, म्हणून क्रम सांगतो. २८ नोव्हेंबरला ओल मिसनं मिसिसिपी स्टेटला ३८-१९ हरवलं. बारापैकी अकरा सामने जिंकले. नियमित हंगामात अकरा विजय या विद्यापीठाला आजवर कधीच मिळाले नव्हते, आणि राष्ट्रीय प्लेऑफचं, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीचं, दारही पहिल्यांदाच उघडणार होतं. दोनच दिवसांनी, रविवारी, लेन किफिन एलएसयूला गेला. सात वर्षांचा करार, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. जाणार तर जा बाबा, कुणी अडवलंय? पण त्याला प्लेऑफ संपेपर्यंत इथेच थांबायचं होतं. क्रीडाविभागाचे प्रमुख कीथ कार्टर नाही म्हणाले आणि त्याच दिवशी डिफेन्स, म्हणजे बचावाची बाजू, सांभाळणाऱ्या पीट गोल्डिंगला मुख्य कोच करून मोकळे झाले. हंगामी वगैरे नाही, कायमचा. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

निष्ठा, गद्दारी हे शब्द बाजूला ठेव. आमच्या ऑफिसातले ओल मिसचे माजी विद्यार्थी तेच शब्द घोकत बसलेत, त्यांचा मला कंटाळा आलाय. तू फक्त तारखा बघ. शाळेतली पोरं कॉलेजांशी करार करायला लागतात ती तारीख ३ डिसेंबर. प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा ओल मिसचा सामना २० डिसेंबर. उपांत्यपूर्व सामना १ जानेवारीच्या रात्री. आणि २ जानेवारीला ट्रान्स्फर पोर्टल उघडतं, म्हणजे कॉलेजात असलेल्या पोरांनाही दुसरीकडे जायची मुभा. उपांत्य सामना ८ जानेवारीला, पोर्टल सताड उघडं असताना.

आता या दिवसांत किफिन ऑक्सफर्डमध्ये, ओल मिसच्या गावात, आहे असं धर. दुपारी सरावात एका पोराला तो सांगतोय, असा धाव, इथे वळ. संध्याकाळी त्याच पोराला फोन करून ‘पुढच्या वर्षी बॅटन रूजला ये’ म्हणणं हे त्याचं काम आहे. त्याच्या मनात पाप असेल असं मी म्हणत नाही. एलएसयू पगार देणार तो त्याचसाठी. दोन्ही संघ एसईसी या एकाच गटात, दरवर्षी त्याच पोरांच्या मागे लागणारे. एका माणसाला दोन्हीकडचं काम इमानानं करताच येणार नाही.

खेळाडूंनाच मी हवा होतो, असं किफिननं जाहीर निवेदनात म्हटलं, ते तू मला पाठवलंस. पण त्याच्याच एका खेळाडूनं ते जाहीरपणे खोडून काढलं, ते मात्र नाही पाठवलंस! आणि खरी गंमत पुढेच आहे. ओल मिस प्लेऑफमध्ये जिंकत गेलं तर किफिनला जो बोनस मिळाला असता, तो एलएसयू देणार असं त्याच्या करारातच आहे. म्हणजे इकडे गोल्डिंग जिंकतोय आणि तिकडे किफिनच्या खात्यात पैसे पडताहेत. ही अक्कल वकिलांनाच सुचते.

तुझा जोरकस मुद्दा जॉन समरॉलचा. तो टुलेनचा कोच, फ्लोरिडानं त्याला घेतलं, तरी टुलेननं त्याला प्लेऑफपर्यंत ठेवलं. जेम्स मॅडिसनचा बॉब चेस्नीही तसाच, यूसीएलएला जायचं ठरूनही आपल्या पोरांबरोबर उभा राहिला. दोघांबद्दल मला आदर आहे. पण टुलेन आणि फ्लोरिडा एका पंक्तीत, म्हणजे एका गटात, बसत नाहीत रे. समरॉलनं जाताना दोन-चार पोरं नेली तरी ती पुढच्या वर्षी टुलेनसमोर उभी राहायची नाहीत. आणि योगायोग बघ, हाच समरॉल २० डिसेंबरला टुलेन घेऊन ऑक्सफर्डला आला आणि ४१-१० नं हरला. कोच राहिलेला संघ हरला, कोच गेलेला जिंकला. यावरून काही सिद्ध होत नाही, पण तुला चिडवायला बरं पडतं.

मुख्य कोचच्या हाताखालच्यांची गोष्ट मात्र मी वेगळी मानतो. कर्बी स्मार्ट जॉर्जियाचा कोच ठरल्यावरही अलाबामाचा डिफेन्स सांभाळत राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये विजेतेपद घेऊनच गेला. डॅन लॅनिंगनं ओरेगनला होकार दिल्यावर जॉर्जियासाठी तेच केलं, २०२२ मध्ये. त्यांच्याकडे एकच बाजू होती, वर लक्ष ठेवणारा दुसरा होता. अर्थात तिथेही बिनसतं. २०१६ च्या डिसेंबरात अलाबामाच्या ऑफेन्स कोऑर्डिनेटरनं, म्हणजे चढाईची बाजू सांभाळणाऱ्यानं, फ्लोरिडा अटलांटिकची नोकरी घेतली. उपांत्य सामना जिंकला, तरी अलाबामाचा मुख्य कोच निक सेबननं अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी त्याला घरी पाठवलं. क्लेम्सननं तो सामना शेवटच्या सेकंदाला ३५-३१ नं जिंकला. हा कोऑर्डिनेटर कोण? लेन किफिन! दोन दगडांवर पाय ठेवल्यावर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

१ जानेवारीची रात्र मी एका सहकाऱ्याच्या घरी काढली. समोर जॉर्जिया, म्हणजे तोवर हंगामात ओल मिसला हरवणारा एकमेव संघ. मिनिटभर उरलं असताना ३४-३४. ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस, आदल्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या फेरिस स्टेटकडून खेळणारा पोरगा, त्यानं ४० यार्डांचा पास टाकला. मग लूकस कार्नेरो ४७ यार्डांवरून किकला उभा. माझा सहकारी सोफ्यावरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याला बघवेना. त्याच्या बायकोनं ओरडून सांगितलं तेव्हा कळलं त्याला. सहा सेकंद बाकी होते. पुढच्या गोंधळात आणखी दोन गुण मिळाले आणि ३९-३४.

मग ८ तारखेला मायामीनं ३१-२७ नं घरी पाठवलं, अठरा सेकंद उरले असताना. तू लगेच मेसेज टाकलास, ‘किफिन असता तर?’ असता तर काय, मला नाही सांगता येत. तुझ्या बाजूची एक गोष्ट मात्र मी कबूल करतो. ओल मिसचा ऑफेन्स शेवटपर्यंत चालवला तो चार्ली वाइस ज्युनियरनं, आणि तो किफिनबरोबर एलएसयूला गेलेलाच माणूस. एलएसयूनं त्याला सोडलं म्हणून आला. म्हणजे कार्टरनी कोचला दार दाखवलं आणि त्याचा माणूस उसना घेतला. हे काही फार ताठ मानेचं नाही. पण वाइसच्या हातात अख्खा संघ नव्हता. सगळ्या पोरांसमोर रोज उभा राहणारा गोल्डिंग होता, आणि मला तेवढा फरक पुरतो.

बाकी, येत्या सप्टेंबरमध्ये एलएसयू ऑक्सफर्डला खेळायला येतंय, किफिनसकट. इथून गाडीनं दीड तासाचं अंतर. लेकीला आत्ताच सांगून ठेव, शुक्रवारी आमच्याकडे मुक्कामाला ये म्हणावं. तिची काकू पुरणपोळी करणार आहे. जांभळा-पिवळा टी-शर्ट घालून आली तरी घरात घेऊ, पण स्टेडियममध्ये मी तिच्या शेजारी बसणार नाही.

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव, उगाच टाळू नकोस.

तुझाच