त्या 72 तासांतल्या माणसांना

बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. पोटात बाळाला ऑक्सिजन पुरवणारी वार जन्माआधीच सुटली होती, हे मला नंतर कळलं. पहिल्याच मिनिटात इवल्या तोंडावर मास्क धरून जिने फुगा दाबायला घेतला, त्या सिस्टरचं नावही मी विचारलं नाही. मोठ्याने आकडे मोजणारा तिचा आवाज तेवढा आठवतो.

रुग्णवाहिकेतला हीटर बंद ठेवून सारखं बाळाचं तापमान बघणारे दादा, तुमचेही आभार.

आणि डॉक्टर, तुम्ही. तान्ह्या जिवाला ऊब द्यायची सोडून गार कसलं करताय, म्हणून मी तुमच्यावर ओरडले होते. तुम्ही चिडला नाहीत. ऑक्सिजन परत मिळाला तरी मेंदूच्या पेशी मरण्याची दुसरी लाट काही तासांनी येते, ती थोपवायची तर 6 तासांच्या आत थंड करायला हवं, हे केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलंत. अंगाचं तापमान 33.5 अंश सेल्सिअस, सलग 72 तास. सगळ्याच बाळांना गुण येत नाही, हेही लपवलं नाहीत. तेव्हा ते ऐकवत नव्हतं.

बाळाचे तळवे बर्फासारखे लागायचे. रात्रपाळीच्या मावशी माझं बोट त्याच्या मुठीत सरकवून देत. चौथ्या दिवशी तासाला जेमतेम अर्धा अंश असं तापमान चढवत नेलंत, तेव्हा सगळ्यांचीच नजर मॉनिटरवर.

परवा लसीच्या वेळी पठ्ठ्याने असं भोकाड पसरलं, की रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी लगेच गप्प केलं नाही.