युद्ध किती दिवस चालणार?

संपादक साहेब,

युद्ध किती दिवस चालेल यावर लोकांचा कौल घेतात ना, त्याची मला गंमतच वाटते, कारण लोकं अंदाज कुठे सांगतात, स्वतःची इच्छा सांगतात. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पण बरेच जण म्हणत होते ख्रिसमसपर्यंत पोरं घरी येतील, आणि संपलं कधी तर नोव्हेंबर १९१८! बरं सामान्य माणसाचं सोडा, २००३ ला इराकबद्दल अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्डच म्हणाले होते की सहा दिवस लागतील, सहा आठवडे लागतील, सहा महिने काय लागणार नाहीत बहुतेक, आणि सैन्य बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडला. कोरियात तर १९५३ ला नुसती शस्त्रसंधी झाली, शांतता करार अजून नाहीच. आता सर्व्हेत त्याला कुठला ऑप्शन टिक करायचा?

– एक वाचक