स्वॅबसोबतच्या फॉर्मवर तारीख आणि पत्ता नीट लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तापाचे पेशंट वाढले की 'नवीन व्हेरियंट आला का' ही चर्चा सुरू होते, मग सॅम्पल जीनोम सिक्वेन्सिंगला (म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचायला) पाठवले अशी बातमी येते, पण त्या सॅम्पलसोबत जाणाऱ्या फॉर्मबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

कोरोनाच्या विषाणूचा जीनोम म्हणजे जवळपास ३०,००० अक्षरं आणि पसरता पसरता त्यात महिन्याला साधारण दोन बदल होतात. दोन पेशंटचे जीनोम अगदी सारखे निघाले तर ते एकाच साखळीतले असू शकतात, पाच-सहा बदलांचा फरक असेल तर एकाकडून दुसऱ्याला थेट लागण झाली असं म्हणणं अवघड. पण हा सगळा हिशोब तारखेवर चालतो ना! स्वॅब कधी घेतला, पेशंट राहतो कुठे, बाहेरून आलाय का, हे माहीत नसेल तर साथ कुठून कुठे गेली ते कळणार कसं?

आमच्याकडे येणारे फॉर्म बघा एकदा. बर्फाच्या पाण्याने लेबलवरची शाई पसरलेली, स्वॅब घेतल्याच्या तारखेच्या जागी बॉक्स लॅबला पोचल्याची तारीख, आणि पत्त्यात फक्त 'ठाणे'. अहो कोपरीही ठाणे आणि गायमुखही ठाणे! त्यात प्रत्येक पॉझिटिव्ह सॅम्पल सिक्वेन्सिंगला चालत नाही, सीटी व्हॅल्यू (व्हायरस दिसायला टेस्टला किती फेऱ्या लागल्या तो आकडा) कमी म्हणजे व्हायरस भरपूर असावा लागतो, शिवाय सॅम्पल वाटेत गरम झाला तर आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागाच, तुटतो. एवढ्यातून टिकलेला सॅम्पल अर्धवट फॉर्ममुळे वाया जातो तेव्हा खरंच जीव तुटतो.

कोरोनाच्या ओमायक्रॉन व्हेरियंटचा महाराष्ट्रातला पहिला पेशंट ४ डिसेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीत सापडला. दक्षिण आफ्रिकेने जगाला सावध करून तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. तिथून आलेला प्रवासी ही माहिती हाताशी होती म्हणून ते इतक्या लवकर जमलं.

लोक पत्ता लपवतात तेही मला समजतं, २०२० मध्ये बिल्डिंग सील व्हायच्या ती भीती अजून गेलेली नाही. पण जीनोम जगासाठी अपलोड होतो तेव्हा सोबत तारीख, भाग, फारतर वय आणि स्त्री की पुरुष एवढंच जातं, नाव आणि फोन नंबर नाही. हे स्वॅब घेणाऱ्यांनी पेशंटला दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे?

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना माझी कळकळीची विनंती आहे की स्वॅबची तारीख, पिनकोड आणि प्रवास या तीन रकान्यांशिवाय सॅम्पल पुढे पाठवूच नका, आणि रिपोर्ट आला की त्या वॉर्डच्या आरोग्य केंद्रालाही कळवा. डेंग्यूलाही हेच लावा. त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर व्हायचा धोका वाढतो, त्यामुळे कळव्यात कुठला फिरतोय आणि ऐरोलीत कुठला हे तिथल्या डॉक्टरांना पावसाळा संपायच्या आत कळलं पाहिजे.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, ठाणे (प.)