उंदरानेच कुरतडले कशावरून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पानावरचा उंदरांपासून यंत्रे वाचवण्याचा लेख वाचला. लेखक तज्ज्ञ आहेत, त्यांच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण ‘ट्रॅक्टर सिमेंटच्या बंद शेडमध्ये, चाऱ्यापासून लांब उभा करावा’ हे मोठ्याने वाचल्यावर आमच्या घरात सगळे हसले. तशी शेड बांधायची ऐपत असती तर आधी घरावरचे गळके पत्रे बदलले असते. आमच्याकडे ट्रॅक्टर गोठ्याला लागून, कडब्याच्या गंजीशेजारीच उभा राहतो. लेखात सुचवलेल्या डांबरगोळ्यांचा वास तिथे वाऱ्यावर किती टिकतो, हे लेखकांनी एकदा येऊन बघावे.

गेल्या जूनमध्ये पाऊस चांगला झाला, वाफसा आला आणि किल्ली फिरवली तर ट्रॅक्टर ढिम्म. बॉनेट उघडले. बॅटरीच्या मागे संसार थाटलेला: सुतळीचे धागे, तुरीची फोलपटे, एअर फिल्टरच्या कागदाचा चुरा आणि मधोमध गुलाबी पिल्ले. वायरींवरचे प्लास्टिक सोलून तांबे उघडे पडलेले. वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरला हे दुखणे नव्हते. वायरी चार-दोन, फिल्टर तेलाचा. उंदीर खाणार काय? आता तर १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागले, म्हणजे सेन्सर आणि वायरी आणखी वाढल्या. उंदरांची चंगळच!

माझ्या तीन वायरी तुटल्या होत्या. डीलर म्हणाला, सुटी वायर मिळत नाही, अख्खा हार्नेस, म्हणजे साऱ्या वायरींचा जोडलेला संच, घ्या, तोही मागवावा लागेल. पेरणी थांबते का त्याच्यासाठी? भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकली. मग विमा कंपनीचे सर्व्हेअरसाहेब आले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘उंदरानेच कुरतडले कशावरून?’ मी लेंड्या दाखवल्या, त्यांनी फोटो काढले. पुढे पत्र आले की हा विद्युत बिघाड आहे, अपघात नव्हे, सबब दावा नामंजूर. उंदराचा जबाब लिहून घ्यायला हवा होता बहुतेक! लेखात विम्याबद्दल आणि हार्नेसबद्दल एक ओळ नाही. साऱ्या सूचना शेतकऱ्याला; वायरींवर साधी लोखंडी जाळीची नळी का चढवत नाही, हे ट्रॅक्टर कंपनीला कोणी विचारायचे?

आणि उंदीर मारायला ‘झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवावे’ एवढ्यावर कसे भागेल? आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवावा लागतो, मग १०० ग्रॅमला २ ग्रॅम औषध. नाहीतर थोडे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. आणि या विषावर उतारा नाही. गोठ्यात कोंबड्या, कुत्री, लहान मुले असतात. हे न छापता नुसते औषधाचे नाव छापणे बरे नव्हे.

जाता जाता, त्याच पानावर लातूर बाजार समितीचे सोयाबीनचे दर तुम्ही दोन दिवसांचे शिळे छापता. आडतदाराला ताजा दर फोनवर कळतो आणि आम्ही तुमचा पेपर घेऊन त्याच्यासमोर उभे राहतो. तेवढे बघावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर