एका मिनिटाच्या शांततेबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

कुणी आभार मानले की तुमचा ठरलेला प्रश्न असतो, 'नेमकं कशाबद्दल?' समोरचा अडखळतो आणि विषय तिथेच संपतो. या वेळी म्हणून नेमकं लिहून काढलं आहे. लिहिणारे आम्ही, टीव्हीसाठी माहितीपट करणारे काही दिग्दर्शक आणि संकलक. पत्र जाहीर ठेवलंय, कारण तुमच्यासारख्या ध्वनिमुद्रकाचं काम नीट झालं की कुणाच्या लक्षातच येत नाही. बिघडलं की मात्र प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला चॅनेल बदलतो.

माहितीपटात चित्राची चूक झाकता येते. मुलाखत चालू असताना फोकस गेला, कॅमेरा हलला, ऊन ढगाआड गेलं, तरी संकलक वर हातांचा क्लोजअप किंवा एखादा जुना फोटो टाकतो आणि खालून बोलणं चालू ठेवतो. आवाज गेला तर असा उपाय नाही. कथापटातला नट नंतर स्टुडिओत येऊन संवाद डब करतो. भाऊ गेल्याची हकीकत पहिल्यांदाच सांगणारा माणूस ती दुसऱ्यांदा तशी सांगत नाही, आणि त्याला ती पुन्हा सांगायला लावणं बरंही नव्हे. या हिशेबाने आमच्या नावावर जमा असलेल्या बऱ्याच मुलाखती तुमच्या आहेत.

पहिले आभार विमानांबद्दल. मुलाखत रंगात आलेली असताना तुम्ही बोट वर करून 'विमान' म्हणायचात, तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला शिव्या बसायच्या हे कबूल करतो. पंख्याची किंवा एसीची एकसारखी घरघर नंतर बरीच कमी करता येते, कारण ती बदलत नाही. विमानाचा आवाज चढत येतो, सूर बदलतो, उतरत जातो. त्यातून मधलं एक वाक्य काढलं तर विमान आकाशात उडी मारतं. तुम्ही थांबवायचात तेही वाक्य पुरं झाल्यावर, आणि माणूस पुन्हा न सांगता येण्यासारखं काही सांगत असेल तर थांबवायचा नाहीत. रिपोर्टमध्ये वेळ टाकून 'विमान, चालू दिलं' एवढंच लिहायचात. कधी थांबवायचं आणि कधी नाही हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवून येत नाही.

मग अंतराचा हट्ट. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे माइक लांब गेला की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. नवखा दिग्दर्शक म्हणतो, 'नंतर वाढवून घेऊ.' आवाज वाढवला की त्याबरोबर खोलीही वाढते. तुमची बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकावरचा माइक, फ्रेमच्या वरच्या कडेच्या चार बोटं वर, तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आसपास, टोक छातीकडे वळलेलं. कॅमेरामनने फ्रेम रुंद केली की काठी वर, आवळली की खाली, एक शब्दही न बोलता.

लांब शॉटगन माइक छोट्या खोलीत न्यायचा नाही, हा तुमचा नियम सुरुवातीला विक्षिप्त वाटायचा. त्या माइकच्या नळीला बाजूने फटी असतात. बाजूचे आवाज फटींतून आत येऊन एकमेकांना खोडतात, म्हणून मोकळ्यावर तो फक्त समोरचं ऐकतो. टणक भिंतींच्या खोलीत समोरच्या माणसाचंच बोलणं भिंतींवर आपटून बाजूने शिरतं, त्यातल्या काही कंप्रता खोडल्या जातात, काही उरतात, आणि आवाज पोकळ होतो. तिथे तुम्ही आखूड हायपरकार्डिऑइड, म्हणजे नळी नसलेला पण मुख्यतः समोरचंच ऐकणारा माइक, लावायचात. बाहेर वारा असेल तर शॉटगनला जाळीची टोपली आणि वर केसाळ आवरण. वाऱ्याचा दणका खालच्या कंप्रतेचा असतो. त्याने एकदा प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, भरून गेला, की त्याच क्षणी बोललेला शब्दही फाटतो, मग कुठलाही फिल्टर तो शिवून देत नाही.

लेपल माइकबद्दल, म्हणजे कपड्यांवर किंवा आत लावायच्या छोट्या माइकबद्दल, तर वेगळं पत्र व्हावं. तो छातीच्या मधल्या हाडावर, हनुवटीच्या साधारण १५ ते २० सेंटिमीटर खाली. त्याहून वर लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो, आणि माणसाने मान खाली घातली की आणखीनच. घासण्याचे आवाज दोन जातींचे, हे तुमच्याकडूनच शिकलो. कापड माइकवर घासतं त्याला इलाज आहे. चिकटपट्टीच्या घड्या घालून दोन छोटे त्रिकोण करायचे, चिकट बाजू बाहेर ठेवायची, त्या दोहोंमध्ये माइक दाबायचा, एक बाजू आतल्या कपड्याला आणि दुसरी बाहेरच्या कपड्याला चिकटवायची. मग कापड आणि माइक एकत्रच हलतात. कापडावर कापड घासतं त्याला मात्र पट्टी उपयोगाची नाही, कपडेच बदलावे लागतात. म्हणून आदल्या दिवशी तुमचा निरोप जायचा: मऊ सुती घाला, कडक किंवा सळसळतं कृत्रिम कापड नको, गळ्यात लोंबणारं काही नको. माइकच्या लगेच खाली वायरीचा एक सैल वळसा पट्टीने धरायचा, म्हणजे खालून बसलेला हिसका वळशातच विरतो. आणि कपड्याच्या आतून वायर घेण्याचं काम त्या माणसाला स्वतःला करू द्यायचं, आपण तोंड फिरवून उभं राहायचं.

बसून मुलाखत असेल तर वायरलेस नको, साधी केबल, हाही तुमचाच आग्रह. रेडिओलहरींत कुणीतरी दुसरा घुसण्याची भीती उगाच का घ्यायची? चालत्याफिरत्या प्रसंगाला वायरलेस लागणारच. तेव्हा ट्रान्समीटरची अँटेना अंगाला चिकटू द्यायची नाही, कारण शरीरातलं पाणी सिग्नल शोषतं. आणि प्रत्येक मुलाखतीला नवी बॅटरी. 'अर्धी आहे, चालेल' हे वाक्य तुमच्यासमोर कुणी दोनदा उच्चारलेलं नाही.

आता शीर्षकातलं मिनिट.

मुलाखत संपली की सगळ्यांना घाई असते, दिवे उतरवायचे, वायरी गुंडाळायच्या. तेवढ्यात तुमचा हात वर: 'रूम टोन. एक मिनिट.' सगळे आहेत तिथेच, दिवे चालू, माइक जागचा न हलवता, पातळीला हात न लावता. पाच माणसं बाहेर गेली तर खोलीचा आवाज बदलतो, कारण शरीरं आणि कपडे आवाज पितात. दिवा बंद केला तर त्याच्या पंख्याची बारीक घरघर गेली. हे मिनिट फुकट घालवल्यासारखं ज्याला वाटतं, त्याने एकदा संकलकाशेजारी बसावं. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून दोन मिनिटं घेतात, तेव्हा मधले 'म्हणजे', 'काय म्हणतात ते', खोकले, अडखळणं असं बरंच काही कापलेलं असतं. कापलेल्या जागी निखळ पोकळी ठेवली तर टीव्हीचा आवाज गेल्यासारखा कान दचकतो. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही. ती दहाच सेकंदांची असेल तर पुन्हा पुन्हा जोडावी लागते, आणि मग त्यातली एखादी खुर्चीची करकर ठेक्यात वाजू लागते. म्हणून मिनिट.

फ्रिजची गोष्टही इथेच. मुलाखतीआधी घरातला फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली त्यात ठेवायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती तुम्ही कधी चुकवली नाहीत. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरता येत नाही.

तुमची सुरुवात नाग्राच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या फितीच्या रेकॉर्डरच्या, काळातली. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टीफन कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली पहिला नाग्रा बनवला. पोलिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'मुद्रित करील' असा. तुमच्या खांद्यावरचं यंत्र मोठ्या टॉर्चच्या १२ सेलवर चालायचं. पाव इंची फितीचं ६०० फुटी रीळ सेकंदाला साडेसात इंच वेगाने १६ मिनिटं पुरायचं. कॅमेऱ्यातलं १६ मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने १० मिनिटं ४० सेकंदांत संपायचं. या दोन आकड्यांतल्या फरकाबद्दल तुमचे खास आभार. 'रोल आउट' झालं, म्हणजे फिल्मचं रीळ संपलं, की कॅमेऱ्याची घरघर थांबते, बोलणारा सैलावतो, आणि पुष्कळदा खरी गोष्ट त्याच वेळी बोलतो. तुम्ही फीत चालूच ठेवायचात. कॅमेरा थांबलाय पण आवाज घेतोय, हे बोलणाऱ्याला सांगूनच. चित्र नसलेली ती वाक्यं रिकाम्या अंगणाच्या किंवा बंद दाराच्या दृश्यावर टाकली की अनेकदा माहितीपटाचा कणा ठरतात.

चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर असल्याने ते जुळवायला क्लॅप. पाटी आपटते ती फ्रेम आणि 'टक्' वाजतो तो क्षण एकाखाली एक आणायचा. सुरुवातीला क्लॅप जमला नाही तर शेवटी पाटी उलटी धरून द्यायचा. पूर्वी वेग जुळता राहावा म्हणून कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत पायलटची, म्हणजे कॅमेऱ्याच्या वेगाचा सिग्नल नेणारी, केबल असायची. दोन्ही यंत्रांचा वेग नेमका राखणारे क्वार्ट्झचे स्फटिक आले तेव्हा ती सुटली आणि ध्वनिमुद्रक मोकळा फिरू लागला. १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ज्याँ रूश आणि एदगार मोरँ या फ्रेंच दिग्दर्शकांच्या माहितीपटासाठी मार्सेलीन लोरिदाँ स्वतःच नाग्रा खांद्याला लावून, कपड्यांवर छोटा माइक लावून, एकट्या चालत स्वतःशी बोलल्या, नाझी छळछावणीबद्दल आणि तिथून न परतलेल्या वडिलांबद्दल. कॅमेरा लांब होता. पुढे डच माहितीपटकार योरिस इव्हेन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी माइक हाती घेतला. ध्वनिमुद्रणाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसं अशी थोडीच.

१९८२ मध्ये सोनीची बीटाकॅम, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच फितीवर घेणारा व्हिडिओ कॅमेरा, आली आणि तुम्ही पुन्हा केबलने कॅमेऱ्याला बांधले गेलात. कमरेला माइकांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, त्यातून १ किलोहर्ट्झचा टोन पाठवायचा, कॅमेऱ्याचा मीटर त्याला जुळवायचा, आणि हेडफोनवर मिक्सर न ऐकता कॅमेऱ्यातून परत येणारा आवाज ऐकायचा. ही शेवटची गोष्ट टाळणाऱ्यांचं नुकसान ठरलेलं. मिक्सर जोरदार लाइन पातळी पाठवतोय आणि कॅमेऱ्याचं बटण क्षीण माइक पातळीवर राहिलंय, तर मिक्सरवर ऐकणाऱ्याला सगळं छान आणि फितीवर चिंध्या. किंवा पातळी आपोआप कमीजास्त करणारं ऑटो चालू राहिलं, तर प्रत्येक विरामात मागचा गोंगाट श्वास घेतल्यासारखा फुगतो.

आता ३२ बिट फ्लोट आलं, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावणारी मुद्रणाची पद्धत. आवाज फाटणार नाही म्हणून मीटरकडे बघायची गरज नाही, असं नवी मुलं म्हणतात. फाइल फाटत नाही हे खरं. त्याआधी माइकची कॅप्सूल किंवा वायरलेसचा ट्रान्समीटर फाटला तर फाइल काय करणार? आणि लांब धरलेला माइक त्यातही लांबच राहतो. घड्याळाचं दुखणंही गेलेलं नाही. स्वस्त रेकॉर्डरचं घड्याळ दहा लाखांत ५० ने चुकलं तर तासाला ०.१८ सेकंदाचा फरक पडतो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने साडेचार फ्रेम, आणि तेवढ्याने ओठ आणि शब्द यांची फारकत स्पष्ट दिसते. सकाळी एकदा कॅमेरा आणि रेकॉर्डर यांचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर पडणारी वेळेची खूण, जुळवून दिवसभर निर्धास्त राहू नका, दुपारी पुन्हा जुळवा, हे तुमचं म्हणणं आम्ही अजून पाळतो.

वाइल्ड ट्रॅकचे, म्हणजे कॅमेरा चालू नसताना घेतलेल्या सुट्या आवाजांचे, आभार राहिले. शूटिंग संपल्यावर तुम्ही एकटेच मागे राहून दाराची कडी, जिन्यावरची पावलं, सुताराचा रंधा जवळून घ्यायचात. माहितीपट दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा निवेदन काढून टाकलेला संगीत आणि ध्वनिपरिणामांचा वेगळा ट्रॅक मागतात. तो तुमच्या या उरल्यासुरल्या फायलींमुळेच भरलेला असायचा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्याबद्दल आपण कधी बोललो नाही. लेपल लावलेला माणूस विश्रांतीच्या वेळात उठून आत जातो, घरच्यांशी बोलतो, कुणावर चिडतो, फोन घेतो. त्या क्षणी ते ऐकू शकणारे एकटे तुम्ही असायचात. तुम्ही त्याला आधी सांगायचात, 'माइक चालू आहे बरं का', आणि तो उठला की चॅनेल खाली ओढून हेडफोन कानावरून काढायचात. आत काय बोलणं झालं, हे उतावीळ दिग्दर्शकांनी विचारून पाहिलं. उत्तर नेहमी एकच: 'बॅटरी बदलत होतो.'

आपले कृतज्ञ,
तुमच्या कानांवर विसंबून राहिलेले काही दिग्दर्शक आणि संकलक