लॅपटॉपच्या खोक्यावर अँटेना किती, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की राजारामपुरीतल्या दुकानांत लॅपटॉपसाठी पालकांची झुंबड उडते. रॅम किती, स्टोरेज किती, बॅटरी किती तास, सगळं खोदून खोदून विचारतात. वाय-फाय लांबून कसं पकडतो, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर ‘सगळ्यात वाय-फाय असतंयच की’ एवढंच उत्तर मिळतं. मी इथंच लॅपटॉप दुरुस्ती करतो, त्यामुळे नंतरच्या तक्रारी माझ्याकडे येतात.

शिवाजी पेठेतलं एक कुटुंब मध्यंतरी आलं होतं. काळ्या दगडाच्या भिंतींचं जुनं घर, राउटर सोप्यात, अभ्यासाची खोली पार मागं. थोरल्या मुलीचा जुना लॅपटॉप तिथं बिनतक्रार चालायचा, धाकट्याच्या नव्याकोऱ्यावर मात्र लेक्चर सारखं अडकायचं. इंटरनेटवाल्याशी भांडून झालं, राउटरही बदलून झाला. मी दोन्ही लॅपटॉपची खालची झाकणं काढून त्यांना दाखवली. जुन्याच्या वाय-फाय कार्डाला दोन वायरी, एक काळी, एक पांढरी. नव्याच्या कार्डाला एकच. मसुरीच्या डाळीपेक्षा लहान असं त्या वायरीचं टोक कार्डावर बसतं. तिथून ती बिजागरीतून वर जाते आणि स्क्रीनच्या कडेला आत चिकटवलेल्या पातळ पट्टीला मिळते. ती पट्टी म्हणजेच अँटेना. दोन असल्या की एकीला सिग्नल कमजोर मिळाला तरी दुसरी सावरून घेते. कमी किमतीच्या बऱ्याच मॉडेलांत ही दुसरी अँटेना नसतेच. बिजागरी तुटलेले लॅपटॉप येतात त्यांत कधी कधी ही वायरच चेपलेली सापडते, ते वेगळं.

कवचानंही फरक पडतो. 2001 साली अ‍ॅपलनं टायटॅनियमच्या कवचाचा पॉवरबुक काढला. त्याच कंपनीच्या प्लॅस्टिकच्या स्वस्त आयबुकपेक्षा तो वाय-फाय कमी पकडायचा. धातूतून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून अँटेनापाशी प्लॅस्टिकची फट ठेवावी लागते. ती नीट ठेवली असेल तर धातूचा लॅपटॉपही उत्तम चालतो. पण ते बाहेरून बघून गिऱ्हाइकाला कसं कळणार?

पेठांत आणखी एक अडचण आहे. घराला घर लागून, प्रत्येकाचा राउटर. वाय-फाय मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झ अशा दोन प्रकारच्या लहरींवर चालतं. 2.4 गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, म्हणजे मार्गिका, तीनच: 1, 6 आणि 11. त्यामुळे तिथं गर्दी होते. 5 गिगाहर्ट्‌झ मोकळं असतं, पण जाड भिंतीत ते लवकर दम तोडतं. अशा घरात लॅपटॉपची पकड चांगली असणं फार गरजेचं.

लॅपटॉपच्या बुडाशी बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो. तो सुरक्षिततेचा, पकड किती, हे त्यातून कळत नाही. फ्रिजवर वीजबचतीचे तारे छापता येतात, तर लॅपटॉपच्या खोक्यावर ‘अँटेना 1’ किंवा ‘अँटेना 2’ एवढं छापायला काय हरकत आहे? ग्राहक खात्यानं हे सक्तीचं करावं, अशी माझी मागणी आहे.

तोवर पालकांनी दुकानातच बघून घ्यावं. 5 गिगाहर्ट्‌झचा राउटर शेजारी असताना विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे राउटरशी जोडणीचा वेग, बघा. वाय-फाय 5 चा (हे वाय-फायच्या पिढीचं नाव, गिगाहर्ट्‌झ नव्हे) लॅपटॉप नेहमीच्या 80 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवर 433 एमबीपीएसच्या वर जातच नसेल, तर अँटेना बहुधा एकच. 866 दाखवला तर दोन.

त्या धाकट्याला मी यूएसबीचा अडॅप्टर लावून दिला, काम भागलं. पण नव्या लॅपटॉपवर वरून हा खर्च त्या माणसांनी का करायचा? कंपन्या छापतील तेव्हा छापतील. राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या विक्रेत्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर अँटेनांची संख्या लिहायला याच हंगामापासून सुरुवात करावी.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर,
राजारामपुरी, कोल्हापूर