फिजिओथेरपीच्या प्रवेशाआधी वीस तास रुग्णाशेजारी

महोदय,

स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला की मिरजेतील माझ्या छोट्याशा उपचारकेंद्रात रुग्णांच्या बरोबरीने पालकांचीही ये-जा सुरू होते. प्रश्न बहुधा ठरलेला असतो: एमबीबीएसला नंबर लागत नाही, बीडीएसची फी झेपत नाही, मग फिजिओ टाकू का? यातले ‘टाकू का’ हे क्रियापद मला दरवर्षी खटकते. पसंतीक्रमाच्या अर्जात महाविद्यालयांची नावे टाकावीत तसा आयुष्यभराचा व्यवसायही टाकला जातो. सव्वीस वर्षांच्या व्यवसायात एकाही पालकाने, ‘या कामात दिवसभर नेमके काय करावे लागते, हे मुलाला दोन दिवस बसून पाहू द्याल का?’ असे मला विचारलेले नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतही हा प्रश्न कुठे विचारलेला नसतो.

महाराष्ट्रात बीपीटीएचचे, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचे, प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र, नीटचे गुण, अधिवासाचा व लागू असल्यास जातीचा दाखला, एवढे जमले की पात्रतेचा रकाना भरतो. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात आणि ती परीक्षा अवघड आहे, याविषयी वाद नाही. लाखो मुलांतून निवड करायची तर अशी एखादी चाळणी लागणारच. माझी तक्रार त्या चाळणीबद्दल नसून तिच्या पलीकडे काहीच नाही, याबद्दल आहे. पेशीविभाजनाच्या अवस्था तोंडपाठ असलेल्या मुलाला अर्धांग लुळे पडलेल्या आजोबांना बिछान्यावरून उठवताना त्यांच्या अंगाचा वास, त्यांची लाज आणि त्यांचा राग सोसता येईल की नाही, हे त्या ७२० गुणांतून कळत नाही. आणि मुख्य म्हणजे ते त्या मुलालाही ठाऊक नसते.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक हुशार मुलगी सुटीत काम पाहण्यासाठी माझ्याकडे आली होती. त्या वेळी शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी पक्षाघातानंतरच्या उपचारांसाठी येत असत. त्यांची उजवी बाजू गेलेली होती. अशा रुग्णाला बसल्या जागेवरून उभे करायचे तर आपल्या गुडघ्याने त्याचा कमजोर गुडघा समोरून अडवून धरावा लागतो, दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यात घालावे लागतात आणि त्याचे नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतके त्याला वाकवून मगच उचल घ्यावी लागते. पट्टा माझ्या हाती होता. त्या मुलीने फक्त त्यांचा लुळा हात सांभाळायचा होता. उठताना काकांच्या तोंडातून लाळ गळली आणि तिच्या मनगटावर पडली, तशी तिने चटका बसावा तसा हात काढून घेतला. इजा कोणाला झाली नाही, पण काका पुन्हा मटकन खाली बसले आणि त्या दिवशी परत उठायला तयार झाले नाहीत. नंतर चहा पिताना ती प्रामाणिकपणे म्हणाली, “मॅडम, मला वाटलं होतं हे जास्त करून मशिनवरचं काम असतं.” दीड वर्षाची फी भरून झाल्यावर तिला हे कळत होते. मला तिचा राग आला नाही. तिला हे आधी दाखवण्याची कोणावरच जबाबदारी नव्हती, याचे वाईट वाटले.

याउलट माझ्या बहिणीची मुलगी अमेरिकेत, ओहायो राज्यात वाढली आणि तिला याच व्यवसायात जायचे होते. तिकडे हा अभ्यासक्रम बारावीनंतर सुरूच होत नाही. आधी चार वर्षांची कोणत्याही विषयातील पदवी घ्यायची आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांचा ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा; तो पुरा झाल्यावर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. पूर्वी तेथेही पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही वाटांनी व्यवसायात येता येत असे, पण २०१५ अखेरपर्यंत सर्व अधिकृत अभ्यासक्रमांनी डॉक्टर पदवीवर यावे, असा दंडक मान्यता देणाऱ्या संस्थेने घातला. प्रवेशासाठी पदवीचा विषय मोकळा असला, तरी काही विषय घेतलेलेच असावे लागतात: शरीररचना व शरीरक्रिया प्रयोगशाळेसह, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र बहुधा प्रत्येकी दोन सत्रे, शिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र. यातील मानसशास्त्राची अट मला विशेष आवडली. चारपैकी सरासरी तीनच्या आसपास श्रेणीगुण ही बऱ्याच ठिकाणची किमान मर्यादा असते. काही विद्यापीठे जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा मागतात, अनेकांनी ती सोडून दिली आहे. त्यावर दोन-तीन शिफारसपत्रे, त्यांपैकी एक बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्या थेरपिस्टचे, एक निबंध आणि पुष्कळ ठिकाणी मुलाखत.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती निरीक्षणाच्या तासांची अट. परवानाधारक थेरपिस्टच्या शेजारी बसून उमेदवाराने ठरावीक तास काम पाहायचे, शक्यतो एका रुग्णालयात आणि एका बाह्यरुग्ण केंद्रात, आणि त्या थेरपिस्टने ते तास प्रमाणित करायचे. कोणाला चाळीस तास लागतात, कोणाला शंभर. करोनाकाळात काही विद्यापीठांनी ही अट सैल केली, काहींनी काढूनही टाकली. भाचीचे साठ तास तिकडेच भरले होते. तरीही जूनमध्ये ती मिरजेला आली तेव्हा, मोजले जाणार नाहीत हे माहीत असूनही, तीन आठवडे रोज सकाळी माझ्या केंद्रात खिडकीशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसत असे. रुग्णाला हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचे नाही, एवढाच नियम होता. त्या दिवसांत गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या एक आजी येत असत. पहिल्या दिवशी त्यांचा गुडघा ७० अंशांपर्यंत वाकला, तिसऱ्या आठवड्याअखेर ९५ पर्यंत गेला, आणि या दोन आकड्यांच्या मधला प्रत्येक दिवस त्या रडल्या. एके दिवशी घरी जाताना भाचीने विचारले, “मावशी, त्या रोज एवढ्या रडतात आणि तू रोज वाकवतेस. तुला काही वाटत नाही?” या प्रश्नाचे माझे उत्तर काय होते, ते इथे सांगण्याची गरज नाही, पण प्रवेशअर्ज भरण्याआधी तिला तो पडला, एवढ्यानेच ते तास सत्कारणी लागले, असे मी मानते.

अमेरिकेचे सगळेच उचलावे, असे माझे म्हणणे नाही. चार अधिक तीन अशी सात वर्षे आणि त्यापायी होणारे कर्ज तिकडच्या मुलांनाही जड जाते. शिफारसपत्रे आणि मुलाखती तर आपल्याकडे मुळीच नकोत. आपल्या महाराष्ट्रात शिफारस या शब्दाला कोणता वास आहे आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर कोणाचे फोन येतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लेखी गुणांवरच्या गुणवत्ता यादीने निदान ते दार बंद ठेवले आहे आणि ते बंदच राहावे. बाहेरून घ्यायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांना मात्र एवढेच आठवण करून द्यावेसे वाटते, की ही विद्याच आपल्याकडे बाहेरच्या हातांनी आली. पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने. आणि त्याआधी १९५० मध्ये त्याच रुग्णालयात व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन होत्या.

तेव्हा माझी सूचना एकाच गोष्टीची आहे. नीट सहसा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आणि प्रवेशफेऱ्या सुरू होईपर्यंत मुलांच्या हाती दोन-अडीच महिने रिकामे असतात. या काळात बीपीटीएचची इच्छा असलेल्या प्रत्येक उमेदवाराने जिल्हा रुग्णालयातील, वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे वीस तास बसून काम पाहावे. त्याला गुण नसावेत आणि त्यावर क्रमवारी ठरू नये. केवळ पात्रतेची एक अट असावी. वीस तास म्हणजे रोज दोन तासांचे दहा दिवस. एवढ्याने कोणी थेरपिस्ट होत नाही, पण हे आपल्याला जमणार नाही, असे ज्याला कळायचे त्याला ते नक्की कळते आणि त्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला म्हणजे दाखले विकत मिळतील. मिळतील, काही ठिकाणी नक्की मिळतील. म्हणून नुसत्या सही-शिक्क्यावर न थांबता, पाहिलेल्या तीन रुग्णांविषयी, त्यांची नावे न लिहिता, स्वतःच्या अक्षरात एकेक पान लिहून अर्जासोबत जोडायला सांगावे आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी ती पाने मुलासमोर ठेवून चार प्रश्न विचारावेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आई-वडिलांबरोबर शेतात किंवा दुकानात राबणाऱ्या मुलाला दहा दिवस बिनपगारी बसणे सोपे नाही, आणि तालुक्याला फिजिओथेरपिस्ट नसेल तर जाण्या-येण्याचे भाडे कोण देणार? तिकडच्या विद्यापीठांनी तासांची अट सैल केली, त्याच्या मुळाशी हाही विचार होता. म्हणूनच मी शंभर न म्हणता वीस म्हणते, आणि उपजिल्हा रुग्णालयांतील भौतिकोपचार (फिजिओथेरपी) विभागांनी अशा मुलांना येऊ द्यावे, असा स्पष्ट आदेश निघावा, अशी जोड देते. रुग्णाची संमती तर घ्यावीच लागेल. माझा अनुभव असा, की ‘ही मुलगी शिकायला बसली आहे, चालेल ना?’ असे विचारले की रुग्ण सहसा नाही म्हणत नाहीत. उलट गुडघा वाकवताना त्या मुलीकडे बघून थोडे कमी ओरडतात.

पदव्युत्तर प्रवेशाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आपल्याकडे एमपीटीएच म्हणजे विशेष शाखेचे शिक्षण: अस्थिस्नायू, मेंदू व मज्जासंस्था, हृदय व श्वसन, सामुदायिक पुनर्वसन अशा शाखांपैकी एकीत प्रावीण्य. त्यासाठी लागते काय, तर बीपीटीएच पदवी, पूर्ण झालेली आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या सामाईक परीक्षेतील गुण. शाखा गुणवत्ता क्रमांकाने मिळते. वरच्या क्रमांकाची मुले अस्थिस्नायू शाखा उचलतात, कारण खेळाडू, गुडघे आणि खासगी व्यवसाय तिकडे. उरलेल्यांच्या वाट्याला जे उरेल ते येते. मग श्वसन शाखेत असा विद्यार्थी येतो, ज्याने अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णाच्या छातीवर कधी हात ठेवलेला नाही. आणि सामुदायिक पुनर्वसनात असा, ज्याला घराच्या उंबऱ्यावरून चाकाची खुर्ची कशी उतरवायची हे ठाऊक नाही.

खरे तर त्याची नोंद अस्तित्वात असते. आंतरवासितेच्या सहा महिन्यांत विद्यार्थी कोणत्या विभागात किती दिवस होता, याची वही प्रत्येक महाविद्यालय ठेवते, त्यावर विभागप्रमुखाची सहीही असते. अमेरिकेत परवाना मागणाऱ्या आपल्या पदवीधरांच्या शिक्षणाची तिकडे विषयवार आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांसह तपासणी होते, तेव्हा त्यांना हेच कागद शोधत जुन्या महाविद्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मात्र ती वही कोणी उघडतही नाही. शाखानिहाय किमान दिवसांची अट घालावी: श्वसन शाखा मागणाऱ्याने आंतरवासितेत किंवा नंतर नोकरीत अतिदक्षता विभागात अमुक दिवस काढलेले असावेत, सामुदायिक शाखा मागणाऱ्याने ग्रामीण केंद्रावर तमुक. दिवस किती हे शिक्षकांनी ठरवावे, मी व्यवसाय करणारी बाई आहे. क्रमवारी परीक्षेच्या गुणांवरच राहू द्यावी. फक्त ज्या शाखेचे काम पाहिलेलेच नाही, ती शाखा मागता येऊ नये.

हे आत्ता लिहिण्याचे कारण असे, की २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या, फिजिओथेरपीसारख्या आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने फिजिओथेरपीच्या शिक्षणाची देशभर एकसारखी घडी बसवायला घेतली आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासक्रमात पदवीचा काळ एक वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा झाला आहे. आंतरवासिता दुप्पट झाली, हे उत्तमच. पण आत गेल्यावर काय शिकवायचे याची पाने वाढत असताना आत कोणी यावे, या रकान्यात एका ओळीची भर पडायला हरकत नसावी. सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने पुढील वर्षाची माहितीपुस्तिका छापण्यापूर्वी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आणि राज्य परिषदेशी याविषयी बोलून पाहावे.

तोवर अट असो वा नसो, मिरज-सांगली भागातील ज्या मुलांना अर्जात फिजिओ ‘टाकायचे’ आहे, त्यांनी पुढच्या मे-जूनमध्ये माझ्याकडे यावे. सकाळी आठ ते दहा, एका वेळी एकच जण, कारण खिडकीशेजारी स्टूल एकच आहे.

कळावे,

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, मिरज